डुबकी शिकायचा हिवाळा

हुरडा चोळावा तो गरम असतानाच. गार झालेल्या कणसातून दाणा नीट सुटत नाही, आणि सुटला तरी त्याची दुधाळ गोडी गेलेली असते. परवा शेंद्र्याच्या शिवारात आगटीशेजारी बसून मी तळहात भाजून घेत हेच करत होते. एका अंगाला ज्वारीचं रान, दुसऱ्या अंगाला कारखान्याची निळी शेड, मधे आम्ही घरची चार माणसं, लसणाची चटणी, दही आणि गूळ. पाठीला ऊन चांगलं लागत होतं. आता शहरातून लोक पैसे देऊन 'हुरडा पार्टी'ला येतात, सेल्फी काढतात आणि दाण्यांपेक्षा भजीच जास्त खातात. खाऊ देत. ज्याला कळतं तो कणसाकडं बघतो.

आमच्या भाऊजींना मात्र हुरडा खातानासुद्धा वाद लागतो. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वकील आहेत, शहरात औरंगपुऱ्यात ऑफिस आहे. त्यांनी मोबाईलवरची एक बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा नावाजलेल्या खेळाडूला गुन्ह्यात शिक्षा झाली होती, ती भोगून तो बाहेर आला होता, आणि त्याला संघात परत घ्यावं की नाही यावर सगळीकडं रणकंदन चाललं होतं. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. शिक्षा भोगली, विषय संपला. त्यांच्या बायकोचं म्हणणं त्याच्या बरोबर उलट, की असल्या माणसाला मैदानाची पायरी चढू देऊ नये, पोरं काय शिकतील? मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी निवृत्त क्रीडाशिक्षिका, जन्मभर कबड्डीची पंच. निकाल देण्याची मला सवय आहे आणि खरं सांगायचं तर आवडही आहे. म्हटलं, माझं मत पक्कं आहे, ते एका हिवाळ्यात इथंच, शेंद्र्यात पक्कं झालंय. पण आधी हे कणीस संपू द्या.

कणीस संपलं, पण मी सांगितलं काहीच नाही. तो हिवाळा मात्र डोक्यातून जाईना.

त्या हिवाळ्यात मी नुकतीच निवृत्त झाले होते. घरात बसून राहणं मला जमत नाही, म्हणून रोज पहाटे स्कूटीवर मफलर गुंडाळून शेंद्र्याला यायची, गावच्या मुलींना कबड्डी शिकवायला. मॅट वगैरे नव्हती, अजून नाही. मातीचंच मैदान. माती चाळून घ्यायची, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी चुन्याच्या फक्कीनं रेषा आखायच्या. थंडीत त्या मातीवर पाय टाकला की कळ मस्तकात जायची. मुली कुरकुर करायच्या आणि मी शिट्टी वाजवायची. शिट्टीपुढं कुरकुर टिकत नाही.

त्यातली एक आरती. अकरावीला होती. उंच, हाडापेरानं मजबूत, चढाईला निघाली की समोरच्या पोरी दोन पावलं मागं सरकायच्या. तिची अडचण एकच होती. समोरच्या दोघींनी हातात हात धरून साखळी केली की ही सरळ तिच्यावर आदळायची आणि सापडायची. दर वेळी. मी घसा कोरडा करून सांगायची, अगं भिंत फोडायची नसते, वाट काढायची असते. ती मान हलवायची आणि पुन्हा भिंतीलाच भिडायची. संक्रांतीला गावची स्पर्धा होती, आणि त्या वर्षी एका क्रीडा प्रबोधिनीची माणसं मुली निवडायला येणार होती. निवड झाली तर वसतिगृह, शिक्षण, खेळ, सगळं मार्गी लागणार. नाही झाली तर बारावीनंतर आईबरोबर कंपनीत पॅकिंगला. आरतीच्या आईनं, सुनंदानं, मला स्पष्टच सांगितलं होतं की आरती आणि धाकटी गौरी, दोन्ही पोरींचं माझ्या एकटीच्या पगारात भागत नाही, हिला शिकवायची माझी ताकद बारावीपुरतीच.

एकटीच्या, कारण आरतीचे वडील महादेव रस्त्यावर गेले होते. आणि ज्यानं त्यांना उडवलं तो होता दत्ता.

दत्ता गावचाच, इथल्या शाळेतला माझाच विद्यार्थी. या मातीत माझ्यासमोर वाढलेला, मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये निवड झालेला पहिला पोरगा. टीव्हीवर दिसायला लागला तेव्हा गावानं चौकात पडदा लावला होता. त्याची डुबकी बघायला लोक जेवण सोडून यायचे. डुबकी म्हणजे, साखळी आवळत आली की खेळाडू उडी मारत नाही, ढकलत नाही, एकदम खाली जातो, छाती मातीला लागेल इतका, आणि दोघांच्या हातांखालून निसटून रेषा गाठतो. करायला कठीण, बघायला देखणी. आणि तिचं सगळ्यात मोठं वेड कुणाला होतं, तर महादेवांना. कंपनीत फिटर होते, पण दत्ताची मॅच असली की पाळी बदलून घ्यायचे. गावच्या कबड्डी मंडळाची वर्गणी सगळ्यांत आधी त्यांची.

मग दत्ताकडं पैसे आले, गाडी आली, आणि गाडीबरोबर जे येतं तेही आलं. एका संध्याकाळी तो दारू पिऊन जालना रोडनं येत होता आणि महादेव पाळी सुटून मोटरसायकलवर घरी निघाले होते. धडक दिली आणि दत्ता थांबला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक तेवढंच गाळून सांगतात. अपघात कुणाकडूनही होतो, म्हणतात. थांबला नाही, हा अपघात नसतो. कोर्टानं त्याला शिक्षा दिली, लीगनं नाव काढून टाकलं, आणि तो हर्सूलच्या तुरुंगात गेला.

तो सुटला तो नेमका त्या हिवाळ्यात.

आमच्याकडं माणूस निवडून येवो, बदलून येवो की तुरुंगातून येवो, चौकात फ्लेक्स लागतोच. शेंद्र्याच्या मंडळानंही लावला. चौकातल्या विजेच्या खांबाला, कारण सगळे फ्लेक्स तिथंच लागतात. दत्ता लीगच्या जर्सीत हात जोडून उभा, वर मोठ्या अक्षरांत 'हार्दिक स्वागत', आणि खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंची रांग. मी सकाळी स्कूटी उभी करून तो बघितला आणि माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली सुनंदा दिसली. डोक्याला स्कार्फ, हातात डब्याची पिशवी. तिची बस त्याच खांबापाशी थांबते. ती वर बघत होती, पण दत्ताकडं नाही. खालच्या रांगेकडं.

त्या रांगेत महादेव होते. हसरे, नव्या शर्टात, कपाळाला गंध.

झालं होतं असं की दत्ताची लीगमध्ये निवड झाली तेव्हाचा फ्लेक्स औरंगपुऱ्यातल्या दुकानात कॉम्प्युटरवर तसाच पडून होता. मंडळाच्या पोरांनी फोनवरूनच सांगितलं, 'अभिनंदन' काढ, 'स्वागत' टाक. दुकानदारानं काढलं आणि टाकलं. खालची रांग कुणी बघितलीच नाही. शुभेच्छुकांना विचारायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि ते जिवंत आहेत की नाहीत हे बघायचीही नाही.

सुनंदा ओरडली नाही. जवळच चहा पीत उभ्या असलेल्या मंडळाच्या माणसांकडं वळून तिनं एवढंच विचारलं, "ह्यांनी कवा दिल्या शुभेच्छा?"

मग एकदम सगळ्यांची धांदल उडाली. एकजण शिडी आणायला धावला, दुसरा खालूनच फ्लेक्सला हात घालून ओढायला लागला. तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. म्हणाली, "फाडू नका. त्यांचा एवढा मोठा फोटो घरात नाय."

बस आली. ती चढली आणि गेली. मी रस्त्यातच बसले, अक्षरशः, स्कूटीच्या शेजारी, आणि रडले. मी सहसा रडत नाही.

त्या दिवशी ठरलेली स्वागताची मिरवणूक झाली नाही. दत्ता डीजेच्या गाडीतून यायच्या ऐवजी चालत आला, घडी करून ठेवलेला फ्लेक्स उघडून त्यानं बघितला, आणि मारुतीच्या पारावर डोकं धरून बसून राहिला. तुरुंगात सुटलेलं पोट, उतरलेला चेहरा. तो पायाला हात लावायला वाकला तेव्हा मी पाय मागं घेतला. आणि तरी, काय सांगू, त्याच्याकडं बघताना मला बारका दत्ताच दिसत होता, नाक वाहत असलेला, रेषेवर पाय टाकून 'मॅडम मी बाद नाय' म्हणून भांडणारा. माणसाचा राग आणि माया एकाच पोटात राहतात. मला त्याचंही काही वाटत नाही.

मंडळानं ठरवलं होतं की दत्तानं संक्रांतीपर्यंत मुलींना शिकवावं. तोही तयार होता. कबड्डी सोडून त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मला म्हणाला, मॅडम, तुम्ही हो म्हणालात की गावात कुणी नाही म्हणणार नाही. ते खरंही होतं. पण मी म्हटलं, मी हो म्हणणारी कोण? तू माझं काय बिघडवलंस? ज्यांचं बिघडवलंस त्यांच्या दाराशी चल.

भाऊजींना हे पटलं नव्हतं. घरी त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, वहिनी, तुम्हीच तर सांगता, कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि संघाला गुण मिळाला की परत आत येतो, मग हा का नाही? मी म्हटलं, भाऊजी, मैदानावर मेलेला उठतो. महादेव उठले का? त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मी आजही डावलत नाही. ते म्हणाले, पीडितांच्या हातात निकाल दिला तर कायदा कशाला हवा? बरोबर आहे. तुरुंगात किती दिवस ठेवायचं हे कोर्टानंच ठरवावं. सुटल्यावर माणसानं काम करावं, पोट भरावं, हा त्याचा हक्कच आहे आणि तो कुणी अडवू नये. दत्तासारखाच गुन्हा करून एखादा साधा फिटर सुटून आला असता तर ना फ्लेक्स लागला असता, ना वाद झाला असता. बिचारा कंपनीच्या गेटवरून माघारी फिरला असता. तो अन्याय मला जास्त टोचतो. पण खेळाडूला कामाबरोबर टाळ्याही परत हव्या असतात. टाळी हा कुणाचाच हक्क नसतो. ती द्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं आधी. हे माझं मत तेव्हा होतं, आज त्यात काडीचा फरक नाही.

संध्याकाळी आम्ही सुनंदाच्या घरी गेलो. दोन खोल्या, पत्र्याचं छत, चुलीवर भाकरी. तिनं मला पाट दिला, चहा टाकला. दत्ता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा आधी पाणी देतात, मग भांडतात. तिनं त्याला पाणी विचारलं नाही. तो "वहिनी" म्हणून काही बोलायला लागला, तर ती भाकरीवरची नजर न काढता म्हणाली, "मला वहिनी म्हणू नको." एवढंच. तव्यावर भाकरी फुगली, उतरली, दुसरी पडली. बाहेर अंधारून येत होतं आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, शिट्टी कधी वाजवायची ते कळत नव्हतं.

बोलली ती आरती. आतल्या खोलीतून आली आणि त्याच्याकडं न बघता मला विचारलं, "मॅडम, डुबकी तुम्हाला येती का?"

मला पकड येते, पायात हात घालता येतो, डुबकी नाही येत. मी तसं सांगितलं.

"मग शिकवा म्हणावं," ती म्हणाली. "मला आली की जायचं. परत मैदानावर यायचं नाय. आणि मी माफबिफ काय केलेलं नाय."

सुनंदानं मान वर करून पोरीकडं बघितलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चहा मात्र मी तसाच ठेवून उठले, तर म्हणाली, तेवढा घेऊन जावा.

मग ते दिवस. मला त्या दिवसांचा वास अजून येतो, ओल्या मातीचा, मुलींच्या केसातल्या खोबरेल तेलाचा, आणि उजाडता उजाडता कुठंतरी शेकोटीत पडलेल्या पाल्यापाचोळ्याचा. धुकं इतकं की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुलगी फक्त आवाजानं ओळखायची. दत्ता माझ्याआधी येऊन रेषा आखून ठेवायचा. सुरुवातीला त्याचाच दम लागायचा, खाली गेला की उठता यायचं नाही, मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. पण शिकवायचा नामी. साखळीकडं बघू नको, म्हणायचा, हातांच्या खाली जो उजेड दिसतो तिकडं बघ. आधी खांदा जातो, डोकं नाही. गुडघा टेकला तर संपलं. स्वतः पुन्हा पुन्हा मातीत जाऊन दाखवायचा, छाती सोलवटून निघायची. आरती त्याला कशानंच हाक मारायची नाही. सर नाही, दादा नाही. प्रश्न मला विचारायची आणि उत्तर तो द्यायचा. सुनंदा मैदानाकडं कधी फिरकली नाही. बसमध्ये बायकांनी तिला टोचून विचारलं म्हणे, नवऱ्याला मारलं त्याच्याच हाताखाली पोर देती व्हय? ती म्हणाली, पोर शिकती, मी काय विसरले नाय.

आणि एक गोष्ट कबूलच करते, लपवण्यासारखी नाही. त्याला डुबकी मारताना बघून मला आनंद व्हायचा. निखळ आनंद. पुढच्याच क्षणी महादेव आठवायचे, चौकातल्या पडद्यासमोर दोन्ही हात वर करून उभे. त्यांनाही हाच आनंद व्हायचा. मी कितीही मत पक्कं करून आले तरी या दोन गोष्टी एकत्र बसायच्या नाहीत. त्या तशाच राहू दिल्या मी.

संक्रांतीच्या दिवशी अख्खं गाव मैदानाभोवती. बायका नव्या साड्यांत, पोरांच्या हातात ऊस, झाडाच्या फांद्यांवरसुद्धा माणसं. प्रबोधिनीची माणसं खुर्च्यांवर. शेवटची चढाई आरतीकडं आली तेव्हा गुण बरोबरीत होते. ती आत गेली, एकीला हात लावला, वळली, आणि वाटेत साखळी उभी. मी पंच नव्हते त्या दिवशी, बाहेर उभी होते, म्हणून मला डोळे मिटता आले. उघडले तेव्हा ती जमिनीलगत होती, दोघींच्या हातांखाली, खांदा पुढं, आणि बोटं मधल्या रेषेवर.

जो गलका झाला तो विचारू नका. पण लोक ओरडत काय होते? "दत्ता! दत्ता!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी मातीनं माखलेली, बापाविना वाढलेली, आणि नाव कुणाचं? चारजण दत्ताला खांद्यावर घ्यायला धावले. तो दोराच्या पलीकडं लिंबाखाली उभा होता. त्यानं त्यांचे हात सोडवले. आरती गर्दीतून वाट काढत सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्या हिवाळ्यात ती त्याच्याशी थेट पहिल्यांदाच बोलली.

"आली मला," ती म्हणाली.

त्याला कळलं. त्यानं मान हलवली, झाडाला टांगलेली पिशवी काढली आणि चालायला लागला. लोक मागून हाका मारत होते. मीही हाक मारणार होते, म्हणणार होते की थांब रे, निदान तिळगूळ तरी घे. मारली नाही. सामना तिचा होता, अटही तिची.

तेव्हापासून दत्तानं मैदानावर पाय ठेवला नाही. एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. मंडळानं दरवर्षी बोलावलं, पुण्याच्या एका संघानं बोलावलं, तो गेला नाही. दारू सोडली म्हणतात, मी खात्री केलेली नाही आणि करणारही नाही. आरती प्रबोधिनीत गेली, राज्याकडून खेळली, आता सुट्टीला आली की मीच तिच्याकडून दोन गोष्टी शिकते. म्हणूनच तर भाऊजींच्या बातमीवर मला फार बोलावंसं वाटलं नाही. दुसरी संधी द्यावी का, हा प्रश्नच लोक चुकीच्या माणसांना विचारतात. वकिलांना, पंचांना, टीव्हीवाल्यांना. आम्ही काय, फुकटचे उदार.

हुरडा खाऊन परतताना मी सुनंदाकडं डोकावले. आरती आलेली होती. तिची धाकटी बहीण गौरी, वडील गेले तेव्हा पाळण्यात होती, ती आता शाळेच्या संघात खेळते. अंगणात तिचं काहीतरी चाललं होतं, दोन खाटांमध्ये दोरी बांधून खालून निसटायचं, आणि दर वेळी गुडघा टेकत होता. आरती वैतागून म्हणाली की मला मारता येते मॅडम, शिकवता येत नाही. मग जरा थांबून तिनं विचारलं, त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडं?

होता. मी फोन तिच्या हातात दिला. मी लावणार नव्हते. तिनं स्पीकरवर ठेवून लावला, कोण बोलतंय ते सांगितलं, आणि एका दमात सांगून टाकलं की धाकटीला डुबकी शिकायचीय, येणार का. पलीकडं कारखान्याचा आवाज येत होता.

मग दत्ता म्हणाला, "तुझ्या आईला विचारलंस का?"

आरतीनं आईकडं बघितलं. सुनंदा ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली, फोनकडं बघितलं, आणि आरतीला म्हणाली, "सकाळी सहाला ये म्हणावं. सातला माझी बस असती. मला बी बघायचीय एकदा, हे कशापायी इतके येडे झालते ते."